जोरदार गोळी शोधण्याआधी आईची औषधांची पिशवी उघडा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आई 72 वर्षांच्या, दारव्हा तालुक्यातल्या गावी एकट्या राहतात, तुम्ही पुण्यात. आठ वर्षांपासून गुडघे दुखतात, दोन वर्षांपासून कंबरही धरते. बीपीची गोळी चालू आहे. दर बाजाराच्या दिवशी गावात येणाऱ्या डॉक्टरकडून एक सुई घेतात, त्यावर तीन-चार दिवस बरे जातात. मधले दिवस मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर निघतात. ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. म्हणून तुम्ही विचारलंय की या वयात चालेल अशी, जोरदार पण साइड इफेक्ट नसलेली गोळी कोणती. आणि जाता जाता लिहून गेलात की हल्ली चेहरा चांगला भरलाय, म्हणजे तब्येत तशी बरी असावी.

मी त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबलो.

मी वर्धा आणि यवतमाळच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावी 24 वर्षं फिजिशियन म्हणून दवाखाना चालवतो. माझ्या ओपीडीत साठीच्या पुढचा माणूस येतो तेव्हा बीपी-शुगरच्या आधी बहुतेक वेळा टोंगळ्यांचंच (म्हणजे गुडघ्यांचंच) बोलतो. त्या अनुभवावरून लिहितोय. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यांचं वजन, किडनी, शुगर मला माहीत नाही. त्यामुळे इथे वाचून त्यांच्या गोळ्यांत कुठलाही बदल परस्पर करू नका.

आधी चेहऱ्याचं. वर्षभर सुया घेणाऱ्या माणसाचा चेहरा गोल भरला, पोट सुटलं, हातपाय मात्र बारीक झाले, हातावर जरासं लागलं तरी जांभळे डाग उठू लागले, तर ती तब्येत सुधारलेली नसते. ते बहुधा स्टेरॉइड असतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन अशा नावांची ही इंजेक्शनं स्वस्त असतात आणि त्यांनी दुखणं, सूज, भूक, उत्साह सगळंच दोन दिवसांत सुधारतं. म्हणून तर माणूस पुढच्या बाजाराची वाट पाहतो. पण महिनोन्‌महिने चालली की शुगर वाढते, बीपी हाताबाहेर जातं, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यात लवकर मोतीबिंदू येतो, आणि शरीरात रोज आपोआप तयार होणारं स्टेरॉइड बंद पडतं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही आज रागाने फोन करून "उद्यापासून सुई बंद" म्हणालात, तर चार-आठ दिवसांत त्यांना उलट्या, गळाठा, चक्कर, बीपी एकदम खाली, असं होऊ शकतं. स्टेरॉइड हळूहळू, डॉक्टरच्या नजरेखाली उतरवावं लागतं. मधेच ताप आला किंवा हगवण लागली, तर ज्या दवाखान्यात न्याल तिथे पहिलं वाक्य हेच सांगा की वर्षभर दुखण्याच्या सुया घेतल्या आहेत.

तुमच्या आईंना हेच दिलं जातंय असं मी म्हणत नाही. नुसतं डायक्लोफिनॅक, म्हणजे साधं वेदनाशामकही असू शकतं. ते शोधायचा रस्ता सोपा आहे. पुढच्या बाजाराला शेजारच्या कोणाला सोबत पाठवा आणि फोडलेल्या काचेच्या अँप्युलचा फोटो मागा. भांडायला नको, नुसतं "लेकाने विचारलंय" म्हणायचं. पुडीतून देशी औषध म्हणून भुकटी मिळत असेल आणि तिने दोन दिवसांत जादू होत असेल, तर तिच्यातही स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न. माझ्या मते तो "कोणती गोळी" हा नाहीच. आई आत्ताच बहुधा एकच औषध वेगवेगळ्या ठिकाणांहून वेगवेगळ्या नावांनी घेत आहेत, आणि जे काम खुर्चीने, काठीने आणि मांडीच्या स्नायूने करायचं ते गोळीकडून करून घ्यायला बघत आहेत. म्हणून गोळ्या वाढत चालल्या आहेत.

पिशवी उघडा म्हणतो ते याचसाठी. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी लुगड्याच्या ओच्यातून कॅरीबॅग काढली आणि टेबलावर उलटी केली. त्यात अर्धवट कापलेल्या अकरा स्ट्रिप निघाल्या. मेडिकलवाला चार-चार गोळ्या कापून देतो, त्यात नाव आणि तारीख छापलेला भागच निघून जातो. आम्ही दोघांनी मिळून त्या लावल्या. सात स्ट्रिपमध्ये दाहशामक वेदनाशामकच होतं : दोन डायक्लोफिनॅक, तीन अॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलच्या जोडीच्या, दोन निमेसुलाइड. आजींच्या लेखी ती "पिवळी टोंगळ्याची, पांढरी कमरेची, गुलाबी अंगदुखीची" होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं. कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं की गोळीला दुखणारा अवयव कळत नाही.

या गोळ्यांनी जठराला व्रण पडून रक्तस्राव होतो. कित्येकदा पोट अजिबात न दुखता होतो. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची संडास झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. (लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण ती चिकट नसते आणि तिला तसा वास नसतो.) या गोळ्यांनी बीपी वाढतं, पायावर सूज येते, कमजोर हृदयाला धाप लागते. आणि किडनी. डायक्लोफिनॅकने आपल्या देशातली गिधाडं किडन्या बंद पडून मेली, म्हणून 2006 मध्ये ते जनावरांच्या वापरासाठी बंद झालं. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, पण 72 वर्षांची, बीपी असलेली किडनी विशीतल्यासारखीही नसते.

इथे माझी एक चूक सांगतो. बरीच वर्षं झाली. मे महिना, पारा 45 च्या वर. एक म्हातारे बुवा कमरेसाठी आले. बीपीसाठी त्यांना टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी अशी जोडगोळी चालू होती. मी दहा दिवसांचं अॅसिक्लोफिनॅक लिहिलं, वर अॅसिडिटीची गोळी दिली आणि काळजी घेतल्याच्या समाधानात राहिलो. बुवा दिवसभर वावरात काडीकचरा वेचत होते, पाणी एक बाटली. आठव्या दिवशी मुलगा घेऊन आला, लघवी जवळपास बंद, क्रिएटिनिन (किडनीचं काम मोजणारी रक्ताची तपासणी) चारच्या वर. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला पाठवले, नशिबाने किडनी परत आली. टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी आणि दाहशामक वेदनाशामक, हे तीन एकत्र आले की किडनीवर तिन्हीकडून ताण येतो, आणि त्यात अंगातलं पाणी आटलेलं असेल तर किडनी बसायला आठवडा पुरतो. अॅसिडिटीची गोळी जठर सांभाळते, किडनीला तिचा काही उपयोग नाही. तेव्हापासून होळी ते मृग मी कोणाही म्हाताऱ्या माणसाला ही गोळी आठवड्याभरासाठी सहजासहजी लिहून देत नाही, आणि लिहिण्याआधी बीपीची स्ट्रिप हातात घेऊन वाचतो. तुमच्या आईंच्या स्ट्रिपवर काय लिहिलंय ते आजच फोनवर वाचून घ्या.

मग चालेल असं काय? पहिलं, साधं पॅरासिटामॉल. लोक त्याला तापाची गोळी म्हणून हसतात, आणि गुडघ्यात त्याचा जोर बेताचाच आहे हेही खरं. पण किडनी आणि जठराला ते वरच्या गोळ्यांच्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहे. दुखून दुखून रडकुंडीला आल्यावर घ्यायचं नाही, ज्या कामाने दुखतं त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायचं. सकाळी उठून झाडलोट करायची असेल तर उठल्या उठल्या. दिवसाला किती, हे वजन आणि लिव्हरवर ठरतं. म्हाताऱ्या माणसात मी सगळं मिळून तीन ग्रॅमच्या वर जात नाही, पंचेचाळीस किलोच्या बाईला दोनच्या आसपासच ठेवतो. "सगळं मिळून" यासाठी म्हणतो की सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं आणि जोडीच्या वेदनाशामकातही.

दुसरं, डायक्लोफिनॅकचंच मलम. गुडघा वरवर असतो, त्यामुळे मलम तिथे पोचतं आणि रक्तात फार थोडं जातं. गुडघ्यासाठी हे खरोखर कामाचं आहे, पण आपल्याकडे लोक हरभऱ्याएवढं लावतात, तेही आठवण आली तर. मोठ्या बोराएवढं घ्यायचं, दिवसातून तीन-चार वेळा, निदान दोन आठवडे. मग ठरवायचं उपयोग झाला की नाही. वर शेक द्यायचा नाही, फुटलेल्या कातडीवर लावायचं नाही. कमरेला मात्र त्याचा फारसा भरवसा नाही, सांधे खोल असतात.

ट्रॅमाडॉल, प्रीगाबालिन, अॅमिट्रिप्टिलीन या दुखण्यावरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. पाय रात्री जळत असतील, मुंग्या येत असतील, नागीण होऊन गेल्यावर त्या पट्ट्यात आग राहिली असेल, तर ते नसांचं दुखणं असतं आणि तिथे यांतली काही औषधं गरजेची असतात. (तिथे शुगर आणि बी-12 आधी तपासा. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल आणि खाणं पक्कं शाकाहारी असेल तर बी-12 बरेचदा कमी निघतं.) पण झिजलेल्या गुडघ्यासाठी ही पहिली औषधं नव्हेत. गुंगी येते, रात्री अंधारात अंगणातल्या संडासाकडे जाताना माणूस पडतो, आणि खुब्याचं हाड मोडलं की त्यापेक्षा आधीचं दुखणंच परवडलं असं म्हणायची वेळ येते. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असेल तर अॅमिट्रिप्टिलीनने लघवी अडते.

गोळ्यांचं एवढंच. आता ज्याने खरा फरक पडतो ते.

तीन महिन्यांहून जास्त चाललेलं दुखणं हे ताज्या जखमेच्या दुखण्यासारखं वागत नाही. गुडघा दुखतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून मांडीचा स्नायू वाळतो, स्नायू वाळला की शरीराचा भार सरळ सांध्यावर येतो, आणि गुडघा आणखी दुखतो. शिवाय रोज तेच दुखणं वाहून नसांचीही सवय बिघडते, साधा दाबसुद्धा त्या दुखण्यासारखा कळवू लागतात. म्हणूनच एक्स-रेमध्ये गुडघा पार झिजलेला दिसणारी बाई बाजारहाट करते आणि बऱ्या एक्स-रेवाली खाटेवरून उठत नाही, असं मी रोज पाहतो. एक्स-रे पाहून आईंना "आता हे असंच" म्हणू नका.

मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो : दुखणं अर्धं झालं तर तुम्हाला काय करता आलं पाहिजे? एका आजींनी आधी "मले सुई मारून द्या बाप्पा, गोयीनं काही होत नाही" एवढंच लावून धरलं होतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, "चुलीजवळून उठता आलं पाहिजे, कोणाचा हात न धरता." मग आम्ही त्यावरच काम केलं. घरी गॅस होता, पण भाकरी त्या चुलीवरच करायच्या, आणि ते सोडा म्हणण्यात अर्थ नव्हता. मुलाने विटांवर चूल कमरेएवढी उचलली, शेजारी एक पक्का लाकडी स्टूल ठेवला. व्यायाम दोनच दिले. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, मांडी आवळून दहा आकडे मोजायचे, खाली आणायचा, प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आणि हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं, सुरुवातीला उशी घालून उंच केलेल्या खुर्चीतून, पाचपासून सुरू करून. पहिल्या आठवड्यात थोडं जास्तच दुखलं, ते दुखणार आहे हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी त्या दवाखान्याच्या बाकावरून हात न टेकता उठल्या आणि माझ्याकडे बघून पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. दुखणं किती राहिलं विचारलं तर म्हणाल्या, निम्मं आहे. सुई त्यांनी मागितली नाही.

तुमच्या घरात काय बदलता येईल ते तुम्हीच नीट पाहू शकाल. माझ्या अंदाजाने तीन जागा महत्त्वाच्या. संडास : उकिडवं बसणं हे झिजलेल्या गुडघ्याला सगळ्यात जड जातं, म्हणून भोक असलेली कमोड खुर्ची आणा आणि भिंतीला धरायला एक पाइप पक्का बसवा. झोपायची जागा : झोळ पडलेली बाज कमरेला वाईट, आणि जमिनीवरची सतरंजी उठताना गुडघ्याला वाईट. दिवाण किंवा तख्तपोस घ्या, बुटका असेल तर खाली विटा द्या. आणि काठी. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची, म्हणजे दुखरा उजवा असेल तर डाव्या हातात. नव्वद टक्के लोक उलटी धरतात असं मला माझ्या दवाखान्याच्या दारात दिसतं. हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत येईल एवढी उंची, खाली रबरी टोपण. बाया काठीला लाजतात. आईंना सांगा, डॉक्टरने सांगितलंय म्हणून धरायची.

अजून वावरात जात असतील तर बंद करा म्हणू नका, वाटून द्या. बरं वाटलं त्या दिवशी सबंध तास निंदायचं आणि मग तीन दिवस खाटेवर, हे चक्र मोडायचं. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं पाय लांब करून बसणं, आणि हे दुखायला लागण्याच्या आधी. उभ्याने कापूस वेचणं चालेल. उकिडवं बसून निंदण नको.

घरगुती उपायांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो, कारण आई ते करत असतीलच. तेलाने चोळणं, निर्गुडीचा शेक, गरम विटेने शेकणं, यांनी बरं वाटतं, करू द्या. शुगरमुळे पायाची संवेदना गेली असेल तर मात्र शेकाने भाजतं आणि कळतही नाही, म्हणून आधी हाताने गरमपणा बघायचा. बिब्बा नको. बिब्ब्याने गुडघ्यावर उठलेले फोड आणि त्यातून झालेल्या जखमा मी दरवर्षी बांधतो. डाग देणंही नको.

काही गोष्टी दिसल्या तर हे सगळं बाजूला ठेवून आधी तपासणी. वजन घटतंय, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी : मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून दिसतो. वाकून बादली उचलली आणि पाठीत एकदम कळ आली, तेव्हापासून उभं राहवत नाही : ठिसूळ मणका दबलेला असू शकतो, आणि स्टेरॉइड घेणाऱ्यात तर हमखास शंका घ्यायची. पायातली ताकद जाणं किंवा लघवी-संडास कळेनाशी होणं, ही त्याच दिवसाची तातडी. सकाळी तासाहून जास्त सांधे आखडून राहत असतील आणि हाताची बोटंही सुजत असतील तर ती झीज नसून सांधे सुजवणारा संधिवात (रूमेटॉइड) असू शकतो, त्याचे उपचार वेगळे. आणि यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे पाठ-मान लाकडासारखी आखडते. गावातल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतील तर पाणी तपासून घ्या, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पिण्याचं नाही.

ऑपरेशनबद्दल आईंवर जोर करू नका, पण दार बंदही करू नका. तीन-चार महिने हे सगळं नीट करूनही संडासपर्यंत चालवत नसेल किंवा रात्रीची झोप जात असेल, तर सांधा बदलून खूप फरक पडतो. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड आत्ताच काढून ठेवा, आणि निवडलेल्या रुग्णालयात गुडघा बदलण्याचं पॅकेज आहे का हे आधी विचारा. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना घरात कोणी तरी लागेल, त्याची सोय आधी.

शेवटचं लिहू की नको असा विचार करत होतो. आई एकट्या राहतात असं तुम्ही लिहिलंय. माझे बरेच म्हातारे पेशंट महिन्याच्या गोळ्या महिन्याच्या आत संपवतात, पण पोळ्याला मुलं-नातवंडं येऊन गेली की त्या महिन्यात स्ट्रिपमध्ये गोळ्या उरलेल्या असतात. दुखणं खोटं असतं असा याचा अर्थ नाही. सांधा तोच असतो, पण रिकाम्या घरात दुखणं जास्त लागतं, झोप लागत नाही, आणि न झोपलेल्या अंगाला सकाळी सगळंच जड जातं. आई जेवण नीट करतात का, झोपतात का, कशात मन रमतं का, हे विचारा. उदासी असेल तर तिचाही उपचार आहे आणि त्याने गुडघ्याचं दुखणंही खरंच उतरतं.

पुढच्या सुट्टीत गावी गेलात की पहिल्या संध्याकाळी आईंशेजारी जमिनीवर बसून पिशवी रिकामी करा, प्रत्येक स्ट्रिपचं नाव वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात बीपी, शुगर, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन करून घ्या. सुईचं नाव, बीपीच्या गोळीचं नाव आणि क्रिएटिनिनचा आकडा, हे तीन कळले की मला लिहा, आईंचं वजनही लिहा. मग स्टेरॉइड असेल तर ते कसं उतरवायचं आणि त्यासाठी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला न्यावं की तालुक्यालाच भागेल, ते बोलू. तोवर सुई परस्पर बंद करू नका, दुसरी गोळी वाढवू नका, आणि खुर्चीतला व्यायाम आज संध्याकाळी फोन चालू ठेवून त्यांच्याकडून करून घ्या.